रोजचा सोमवार

पहिल्यांदा झालं तेव्हा वाटलं, काटा असेल.
सुंगटांना काटा नसतो
हे दुसऱ्या कुणाला मीच हसत सांगितलं असतं.
पण घसा म्हणत होता, अडकलंय काहीतरी,
आणि ताटात सुंगटांचीच कढी,
माझ्या हातची, दाट नारळाची.

सासू म्हणाली, सुको भात गिळ.
गिळला, मुठीएवढा गोळा.
मग केळं, मग कोमट पाणी.
मग आमसूल दिलं चघळायला,
अळू खाजलं की त्यानं जातं.
हे गेलं नाही.
कानाच्या आतून उतरत खाज जिभेच्या मुळाशी आली,
जिथं बोट पोचत नाही,
आणि ओठ सुजून दुसऱ्याच कुणाचे झाले.
श्वास यायचा,
पण दाराच्या फटीतून वारा येतो तसा, शीळ घालत.

लवू मेतराच्या रिक्षातून परुळ्याला नेलं.
डॉक्टरीण घाटावरची, पोरगेलीच.
सुई टोचून झाल्यावर विचारते,
आधी कधी खाल्ली नव्हती का कोळंबी?
त्या ओठांनी मला हसताही येईना.
बाई, दात यायच्या आधी आईनं मला
सुंगटांचं पाणी चाटवलं होतं.
माझ्या मंगळसूत्राच्या वाट्या
एका हंगामाच्या सुंगटांच्या आहेत.
ती म्हणाली, शरीराला कधीकधी
चौतिसाव्या वर्षी सुचतं.
आता खायची नाही.
शिजताना वाफही घ्यायची नाही.

वाफही.

निवतीत फेब्रुवारीत वाळूवर गोलमो पसरतात,
साऱ्या किनाऱ्याला गुलाबी खरूज धरल्यासारखी.
मी सुरूच्या मागून जाते, पदर नाकाला.
लिलावात बोली लावणाऱ्या बायका म्हणतात,
काय गो, वास येता तुका आता?
मी मान हलवते. वास नाही येत.
श्वास येत नाही.

सासूला पटलं नव्हतं.
मनाचे खेळ, म्हणायची,
माशावर जगणाऱ्या घरात असले चोचले.
एका दुपारी वालीच्या भाजीत
चिमूटभर गोलमो कुटून घातले तिनं, बघूया म्हणून.
मी दुसऱ्या घासाला उठले.
पुढचं मला नीट आठवत नाही.
माझी नखं निळी झालेली आठवतात
आणि लवूचा हॉर्न, थांबतच नव्हता.

तिनं कधी माफी मागितली नाही.
मीही विचारलं नाही.
पण मागच्या पडवीत दुसरी चूल झाली,
तिच्या पळीला लाल दोरा बांधला गेला,
आणि म्हातारी आता जेवून उठली
की राखेनं हात घासते, मग लिंबू,
मग मला दाखवते दोन्ही तळवे, लहान पोरासारखी.
माझ्या गोळ्या तिच्या चंचीत असतात,
सुपारी आणि चुन्याच्या मधे.
पान खाताना रोज मोजते.
चार आसत, म्हणते, कोणी न विचारताच.

उल्हास होडीवरून येतो
तो आधी विहिरीवर जातो.
साबण, परत साबण.
अंधारात जवळ येण्याआधी
तो स्वतःचे हात हुंगून बघतो.
बारा वर्षांच्या संसारात
असं कुणी मला जपून हात लावला नव्हता.
कधी बरं वाटतं त्याचं.
कधी वाटतं, रागावून तसाच यावा एकदा,
मीठ न धुता.

प्राची शाळेत सांगते,
आमच्याकडे रोजच सोमवार.
पोरं हसतात. तीही हसते, मग घरी येऊन
शेजारच्या रोशनीकडे तिखलं खाते
आणि दारात चूळ भरूनच आत येते.
आठ वर्षांची आहे.
हे तिला कुणी शिकवलं नाही.

खऱ्या सोमवारी मात्र
आळीत सगळ्यांच्या घरी शिवराक.
वरण, भात, लोणचं, कुळथाची पिठी.
त्या दिवशी माझ्या चुलीचा वास
कुणाच्याही चुलीसारखा असतो.
सगळ्या खिडक्या उघडते,
उंबऱ्यात बसून दोन्ही नाकपुड्यांनी
पोटभर श्वास घेते,
आधाशासारखा, ताटातलं पुसून घ्यावं तसा.

मंगळवारी सकाळी
होड्या दिसायच्या आत
खिडकी लावून घेते.